ग्लेंडाच्या सरावाच्या गोळ्या

"हिची जुळी बहीण दे मला, ओरिन. पण गरीब घरातली."

ग्लेंडा पेकारेकने काउंटरवर एक काडतूस उभं केलं. मी चष्मा लावला, पण बघायची काही गरज नव्हती. तीस-तीसचं काडतूस, पुढे चपट्या नाकाची जाड गोळी, पितळेच्या पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत आवळलेलं. तिच्या नवऱ्याने, एमिलने भरलेलं. बत्तीस वर्षं मी या गावात हार्डवेअरचं दुकान चालवतोय. खिळे, रंग, उंदरांचे सापळे, आणि मागच्या भिंतीला बंदुकीचं सामान. मोंटानात असं दुकान असलं की कोणाच्या घरी कोणतं काडतूस भरतात हे त्यांच्या नातवंडांच्या नावांपेक्षा जास्त पाठ होतं.

"एमिल कुठाय? तो का नाही आला?"

"साहेब शिकारीची काडतुसं भरतायत. गॅरेजचं दार लावून. चाळीस काडतुसांना तीन आठवडे लागले. सरावाची फालतू काडतुसं भरायला त्यांना वेळ नाही. ती मी भरायची, असा हुकूम आहे."

"तू भरणार?"

"का? एकसष्ट वर्षांची आहे मी, नऊ वर्षांची नाही. डोंगरातल्या बर्फात बस चालवते, मला चिमूटभर बंदुकीची दारू तोलता येणार नाही?"

शाळेची बस ती एकतीस वर्षं चालवतेय. गावातली अर्धी माणसं तिच्या बसमधून शाळेत गेली आणि उरलेल्या अर्ध्यांना तिने कधी ना कधी बसमधून उतरवायची धमकी दिलीय. तिच्याशी वाद घालणं म्हणजे आपलंच डोकं भिंतीवर आपटून घेणं. मी खालच्या फळीवरून एक खोका काढला.

"ह्या घे. सेलमध्ये आहेत. अर्ध्या किमतीत."

तिने खोका उघडला, एक गोळी बोटांत धरली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी आपोआप एक पाऊल मागे गेलो.

"टोकदार? ओरिन, माझ्या रायफलीत काडतुसं नळीत एकामागे एक बसतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाशी, नेमकं बार उडवणाऱ्या टोपीवर. एक धक्का बसला की सगळी नळी माझ्या हातात फुटेल. मला मारायचंय का तुला?"

"परीक्षा घेत होतो. भरायला निघालीस ना, तुला माहीत आहे का ते बघितलं."

"पास झाले का?"

"झालीस. मग ह्या शिशाच्या बघ. सगळ्यांत स्वस्त."

"त्या हळू जातात, खाली लागतात. त्यांच्यावर नेम शिकायचा आणि हरणासमोर विसरायचा, असं का? मला एमिलच्या गोळीसारखीच हवी. तेवढंच वजन, तसंच चपटं नाक, खाच त्याच जागी. एमिलच्या मापाने भरली की लागायला हवी त्याच ठिकाणी. फक्त किंमत तेवढी नको."

बाईने गृहपाठ केला होता. मी हार मानली आणि आतल्या खोलीतून पोतडी आणली. आकार, वजन, खाच सगळं बरोबर, पण वरचं तांब्याचं कवच डागाळलेलं, म्हणून कारखान्याने बाजूला काढलेला माल.

"यांच्यात दोष काहीच नाही. नुसत्या दिसायला वाईट, म्हणून नाकारल्यात."

"दिसण्यावरून नाकारल्या?" ग्लेंडा हसली. "मग आमचं जमेल. दोनशे दे."

दोनशे कशाला, हे न विचारता मी मोजायला घेतल्या. त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. मागच्या नोव्हेंबरात तिने एका हरणावर गोळी झाडली होती. ते पडलं, उठलं आणि झाडीत गेलं. ती संध्याकाळपर्यंत रक्ताच्या मागावर चालली, दुसऱ्या दिवशी बसची सुट्टी टाकून पुन्हा चालली. मग बर्फ पडला आणि माग पुसला गेला. आमच्याकडे नेम चुकला तर लोक हसतात, पण जखमी जनावर हरवलं तर कोणी हसत नाही. एमिल मात्र वर्षभर तिला टोचत राहिला. कुठेही भेटला की म्हणायचा, "आमची बाई चाप ओढते की गाईचं दूध काढते, देव जाणे." लोक कसंनुसं हसायचे. ती ऐकून घ्यायची. एवढी फटकळ बाई, पण यावर तिने कधी तोंड उघडलं नाही. माझी चूक आहे, असंच ती धरून चालली होती.

आता तिला या हंगामाआधी दोनशे गोळ्या झाडायच्या होत्या. एमिलच्या शिकारीच्या गोळ्या त्यासाठी परवडणाऱ्या नव्हत्या. वर्षाला दोन खोके माझ्याकडे यायचे, आणि ते दोन्ही एमिलच न्यायचा.

"आधी दहाच भर," मी म्हणालो. "पाच-पाच करून एमिलच्यांशेजारी झाडून बघ. एका ठिकाणी लागल्या तर बाकीच्या भर. नाही लागल्या तर मनाने काही वाढवायचं-कमी करायचं नाही. सरळ माझ्याकडे यायचं."

"रविवारी चर्चनंतर खडीच्या खाणीवर ये. तूच बघ."

रविवारी मी गेलो. गावाबाहेरची जुनी खडीची खाण, तीन बाजूंनी मातीचा उंच कडा. आम्ही सगळे तिथेच नेम धरायला शिकलो. ग्लेंडाने शंभर यार्डांवर दोन कागदी ताटल्या लावल्या, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवली आणि बसली. आधी तिच्या स्वतःच्या पाच. लिव्हर खाली-वर, पुंगळी बाहेर, पुढची. घाई नाही, उशीर नाही.

मी दुर्बिणीतून पाहिलं. पाचही भोकं कॉफीच्या कपाखाली झाकली असती.

"अगं बाई," मी म्हणालो. "पहिल्यांदा भरल्यात ना?"

"एकेक तोलून. काटा हलायचा थांबेपर्यंत श्वास नाही घेतला. एमिल खिडकीतून बघून हसत होता." तिचा चेहरा फुलला होता. "आता धन्याच्या."

एमिलच्या पाच तिने त्याच संथपणे झाडल्या. मी दुर्बिणीला डोळा लावला आणि तसाच राहिलो.

"बोल की," ती म्हणाली.

"एक वरच्या काठाला. एक डावीकडे खाली. दोन कशातरी मध्ये आहेत. एक ताटलीत नाहीच."

"मी हलले असेन."

"असशील. खांदा दुखला असेल. थोडं थांब."

थांबलो. कॉफी घेतली. तिने आलुबुखाराचे कोलाची, गोड पाव, आणले होते, एमिलच्या आईच्या हातच्यासारखे, ते खाल्ले. मग तिने नव्या ताटल्या लावून पुन्हा आपल्या पाच झाडल्या. पुन्हा कॉफीचा कप. मग मी बसलो आणि एमिलच्या पाच झाडल्या. माझ्या गेल्या चारी दिशांना. माझा नेम वाईट असेल, पण इतका वाईट नाही. मी पन्नास वर्षं बंदूक धरतोय.

मी एक न झाडलेलं काडतूस उजेडात धरलं. पुंगळीचं तोंड एका बाजूला जास्त आवळलेलं, दुसऱ्या बाजूला कमी. दुसरं घेतलं, त्यात गोळी केसभर आत गेलेली. हे एमिलचं काम? एमिल पेकारेक लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. त्याने धार लावलेली करवत फळी कापताना आवाजही वेगळा करायची. गिरणी बंद पडली तेव्हा मालक स्वतः त्याच्या कानशी मागायला आला होता आणि एमिलने दिल्या नव्हत्या.

"तो दारू अजून चमच्याने मापतो ना?" मी विचारलं.

"चाळीस वर्षं. चमचा बुडवायचा, खेळातल्या पत्त्याने वरचं सपाट करायचं. वजनकाटा त्याच्या दृष्टीने नवशिक्यांसाठी."

"हात हलला की चमच्यातली दारू दबते, ग्लेंडा. दबली की जास्त मावते. एकात जास्त, एकात कमी. तुझं नशीब की चमचा लहान आहे, नाहीतर रायफल फुटली असती."

एमिलच्या हाताला दोन वर्षं कंप होता. डॉक्टरने त्या आजाराचं नाव सांगितलं होतं. एमिल म्हणायचा, थंडी आहे. जुलैतही म्हणायचा.

ग्लेंडा पिकअपच्या मागच्या फळीवर जाऊन बसली. बराच वेळ ताटल्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "मागच्या वर्षी."

"हो," मी म्हणालो.

"मी नव्हते ती, ओरिन."

"नव्हतीस."

तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले. मला वाटलं आता चिडेल, पण ती चिडली नाही. मी तिच्या शेजारी बसलो. "हे बघ, माझ्या दुकानात आण ती सगळी. मी उघडतो, नीट तोलून पुन्हा भरतो, त्याच खोक्यात घालून देतो. त्याला कळायचंही नाही. हरिण पडलं की म्हातारा खूश."

"आणि माझ्या रायफलीत तुझी काडतुसं?"

तिचं खरं होतं. आमच्याकडे म्हणतात, दात घासायचा ब्रश आणि काडतूस उसनं घेऊ नये. दुसऱ्याने भरलेलं आपल्या बंदुकीत कोणी घालत नाही. ग्लेंडाने चौतीस वर्षं एमिलची घातली, कारण ती त्याची बायको होती.

"एकतीस वर्षं मी बस चालवतेय," ती उठत म्हणाली. "मागच्या सीटवर काय चाललंय ते मला आरशात दिसतं. आणि दिसलं की मी बोलते. तू चल माझ्याबरोबर."

"मी कशाला? नवरा-बायकोच्या मध्ये?"

"तू असलास की तो भांडी फेकणार नाही. चल, कॉफी देते."

एमिल स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, दोन्ही हात टेबलाखाली मांड्यांवर दाबून. मला बघून म्हणाला, "ये रे लुटारू. डागाळलेला माल गळ्यात मारलास ना माझ्या बायकोच्या? लागतात का कुठे त्या?"

ग्लेंडाने दोन ताटल्या त्याच्या समोर ठेवल्या. त्याने मान वाकवली. पाच भोकं एका जागी असलेली ताटली त्याने कोपराने आपल्याकडे ओढली.

"बघ," तो मला म्हणाला. "बघून घे. मनगट अजून आहे." आणि दुसरीकडे हनुवटी केली. "आणि ही ग्लेंडाची. काही हरकत नाही, पहिल्यांदाच भरलीस. पण असं घेऊन जंगलात जायचं नाही हं."

मला वाटलं उठावं आणि सरळ घरी जावं. ग्लेंडाने खुर्ची ओढली, त्याच्या अगदी समोर बसली.

"एमिल, ती माझी आहे. तुझ्याकडची."

"कोणती?"

"चांगली. चांगली माझी आहे. विखुरलेली तुझी. दोनदा झाडून बघितल्या. दुसऱ्यांदा ओरिनने झाडल्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

तो ओरडला नाही. म्हणाला, "काटा आण."

तिने वजनकाटा आणला. गोळी काढायचा हातोडाही आणला. त्यात काडतूस घालून ठोकलं की गोळी आणि दारू सुटी होते. तिने एक उघडलं, दारू तबकडीत ओतली. काटा एका ठिकाणी थांबला. दुसरं उघडलं, काटा वर. तिसरं, बराच खाली. एमिल काट्याकडे बघत होता. करवतीचा एकेक दात बघावा तसा तो प्रत्येक आकडा बघत होता. पाचव्यानंतर त्याने हात वर करून तिला थांबवलं. तो हात हवेत थरथरत होता आणि त्याने तो लपवला नाही.

"मागच्या वर्षीचं ते हरिण," तो म्हणाला.

"हो. मलाही आत्ताच कळलं, खाणीवर."

"वर्षभर मी तुला..."

"बोललास. चर्चमध्ये बोललास, माझ्या बहिणीसमोर बोललास, बसमधल्या पोरांसमोर बोललास. दूध काढते म्हणालास. आणि याच्याबद्दल मी तुला मरेपर्यंत ऐकवणार आहे, एमिल, एक दिवस सोडणार नाही. पण ते नंतर. आधी ही उरलेली सगळी उघडायला घे."

"मला जमणार नाही."

"ठोकायचं तर आहे. ठोकायला हात स्थिर कशाला हवा?"

एमिलने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने हातोडा घेतला, खाली लाकडाचा ठोकळा ठेवला आणि पहिला घाव असा मारला की माझ्या कपातली कॉफी उडाली. दुसरा. तिसरा. दर दोन-तीन घावांना एक गोळी सुटायची. तो शिव्या घालत होता, मला, कारखान्याला, डॉक्टरला, चमच्याला. त्याचे डोळे भरले होते. ग्लेंडा पुढचं काडतूस हातोड्यात घालत होती. संपेपर्यंत तो थांबला नाही.

पुढचे आठ दिवस गॅरेजचं दार उघडं होतं. मी जाता-येता डोकावायचो. ग्लेंडा काडतुसं भरायच्या यंत्राशी बसायची, एमिल तिच्या उजव्या खांद्याशी स्टुलावर. काटा ती बघायची, बाकी सगळं तो. यंत्राचा दांडा खाली आला की नुसत्या आवाजावरून म्हणायचा, "ही वाकडी बसली, काढ." आणि ती खरंच वाकडी असायची. ती म्हणायची, "तोंड बंद ठेव, मला मोजू दे." तो म्हणायचा, "मोजताना ओठ हलतात तुझे, पहिलीतल्या पोरीसारखे." पुढच्या रविवारी तिने शिकारीची नवी पाच आणि सरावाची पाच एकाच ताटलीवर झाडली. शेवटी कोणतं भोक कोणत्या काडतुसाचं ते आम्हा दोघांनाही सांगता येईना. मग उरलेल्या डागाळलेल्या गोळ्यांचा तिने फडशा पाडला, बसून, गुडघ्यावर, उभी राहून. शेवटी खांदा निळा पडला. तिने एमिलला तो दाखवला आणि म्हणाली, "हे बघ, तुझ्या गाईचं दूध."

हंगामाच्या पहिल्या शनिवारी मी दुकान उघडत नाही. सगळं गिऱ्हाईक डोंगरात असतं. आम्ही तिघं एमिलच्या पिकअपमधून लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्याने वर गेलो. ग्लेंडा चालवत होती, अर्थात. वळणावर तिने गाडी लावली, नारिंगी जाकीट चढवलं, नळीत काडतुसं सरकवली.

"कॉफी संपवू नका," ती म्हणाली आणि उतारावरून झाडीत गेली.

आम्ही दोघं बसून राहिलो. एमिलने हीटर बंद करायला सांगितला.

"थंडी वाजेल तुला," मी म्हणालो.

"ऐकू येत नाही त्याच्या आवाजात."

तास गेला. दूरवर कोणाचे तरी बार झाले, पलीकडच्या खोऱ्यात. एमिल मान हलवायचा, ते नाहीत. मग खालून एकच बार झाला, जवळून, ठणठणीत. त्याने माझं मनगट धरलं.

एक आवाज, मटण. दोन आवाज, बघू. तीन आवाज, नुसते बटाटे. पोरवयापासून सगळे हेच म्हणत आलोय. तो दुसऱ्याची वाट बघत होता. माझ्या मनगटावर त्याचा हात थरथरत होता आणि पकड चांगली घट्ट होती. एक मिनिट गेलं. दोन गेली. झाडांवरचा बर्फ तेवढा पडत होता.

"नाही झाला दुसरा," मी म्हणालो.

"नाही झाला," एमिल म्हणाला, आणि दार उघडायला लागला.

उतारावर घोट्याएवढा बर्फ होता. मी हात पुढे केला, त्याने घेतला नाही. झाडाला धरत, झाड सोडत, दुसरं धरत तो उतरला. दोनदा बसला. दोनदा उठला. मी मागून चालत होतो, पडला तर धरता यावा म्हणून, आणि धरू नये म्हणूनही.

नर होता, चांगला मोठा. उभा होता तिथेच पडला होता. एक पाऊलही पुढे गेला नव्हता. पुढच्या पायामागे एकच भोक. ग्लेंडा शेजारी उभी होती, टोपी हातात. एकाच वेळी रडत आणि हसत होती.

"सत्तर पावलं," ती म्हणाली. "त्याला कळलंही नाही, एमिल. मी बघितलं. काही कळलं नाही त्याला."

एमिल हरणाशी गुडघ्यावर बसला, त्याच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ थांबला. मग उठला. ग्लेंडाने खिशातून रिकामी पुंगळी काढली. बर्फात पडलेली तिने शोधून उचलली होती. तिने ती त्याच्या तळव्यावर ठेवली आणि त्याची बोटं मिटली.

त्याने पुंगळी डोळ्याजवळ नेली. तोंडाच्या कडेवरून नख फिरवलं. बूड बघितलं.

"जास्त आवळतेस," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी जरा सैल."

"बरं," ग्लेंडा म्हणाली.

त्याने पुंगळी शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावायला घेतलं. बटण काजाशी यायचं आणि निसटायचं. पुन्हा यायचं, पुन्हा निसटायचं. ग्लेंडाचा हात अर्धा पुढे झाला आणि तिनेच तो मागे घेतला. मग ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि बटण लागेपर्यंत आम्ही दोघं समोरच्या डोंगराकडे बघत राहिलो.